तीन जहाजांचा तक्ता

६ ऑक्टोबर

चकचकीत कागद! तीन कंपन्यांची तीन माहितीपत्रकं आली आणि तिन्हींच्या पहिल्या पानावर तोच म्हातारा, तीच म्हातारी. पांढरे कपडे, पांढरे दात, हातात सरबताचा पेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू एका रात्रीत पेन्शन दुप्पट झाली. चौतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली मी. बेअरिंगं, झडपा, पट्टे, वंगण — हजारो कोटेशनं या हातांखालून गेली. कागद असा गुळगुळीत दिसला की मी आधी मागचं पान उघडतो. अटी तिथं असतात, मुंगीच्या अक्षरात.

समुद्रावर जायचंय. मी, ही, थोरला, सूनबाई आणि नात. पाच माणसं, दोन खोल्या, सात रात्री. कल्पना हिची. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं कशाचा म्हणून हट्ट धरला नाही, आणि आता धरला तो एकदम जहाजाचा!

कारण एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. हिच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजतोय. चष्म्यानं भागणार नाही, ऑपरेशन नाही. डॉक्टर म्हणाले, "रंग आधी जातील, बाकीचं नंतर. वर्षभर धरून चाला. पण नक्की सांगता येत नाही." परत येताना गाडीत ही काच खाली करून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, मला एकदा समुद्राच्या मधोमध जायचंय. किनारा कुठूनच दिसत नाही ना, तिथं. तिथलं पाणी कुठल्या निळ्याचं असतं ते बघायचंय."

सव्वीस वर्षं ही दोरे-बटणांच्या दुकानात होती. गिऱ्हाईक चिंधी घेऊन यायचं, ही बघितलं न बघितलंसं करून मागच्या फळीवरून नेमकं रीळ काढायची. निळ्याच्या एकोणीस छटा होत्या दुकानात. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं पैशांऐवजी रिळांचा खोका दिला — फसवलं, दुसरं काय — पण ही तो खोका अजून जपते.

तेव्हा ठरलं. वैधता एक वर्ष. "नक्की सांगता येत नाही" हे कलम मला नवं नाही. प्रत्येक पुरवठादार खाली ते टाकून ठेवतो, उद्या अंगाशी येऊ नये म्हणून. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही, आणि कधी माझं अडलंही नाही.

७ ऑक्टोबर

तक्ता आखला. आडव्या ओळी तेवीस, उभे रकाने तीन : अ, ब, क. कंपन्यांची नावं लिहायची नाहीत, हा माझा जुना नियम. नावाला माणूस भुलतो.

१० ऑक्टोबर

अ — "मुलं फुकट!" केवढी अक्षरं! मागचं पान : मुलांना भाडं नाही, पण बंदराचा कर आहे, सेवाशुल्क आहे, आणि फुकट फक्त शाळा चालू असताना. सुट्टीत नाही. म्हणजे पोरांनी शाळा बुडवली तरच फुकट. शाब्बास.

ब — भाडं सगळ्यात कमी, बाकी श्वास घेतला तरी पैसे. बाटलीतलं पाणी, पैसे. इंटरनेट, पैसे. खोलीतल्या एकानं पेयांचं पॅकेज घेतलं तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसानंही घ्यायलाच हवं. थोरल्याला बिअर प्यायची म्हणून सूनबाईनं सात दिवस दामदुप्पट मोजून लिंबू सरबत प्यायचं!

क — सगळं धरून, म्हणून डोळे पांढरे होतील असा भाव. जेवायची अकरा ठिकाणं. मला पोट एकच आहे.

आणि बक्षिसी. तिघांकडेही दर माणशी, दर रात्री, आपोआप कापली जाते. आपोआप! खुशीनं द्यायची ती बक्षिसी. खिशातून आपोआप जाते तिला आमच्या खात्यात वेगळा शब्द होता, आणि त्यासाठी एका माणसाला घरी पाठवलं होतं.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी ही म्हणाली, "मला वाचून दाखवा ना. बारीक अक्षर लागत नाही."

वाचलं. "लाटांच्या कुशीत स्वतःला नव्यानं भेटा." मी म्हटलं, स्वतःला भेटायला एवढे पैसे? न्हाणीघरात आरसा आहे. ही इतकी हसली की कपातला चहा बशीत आला. मी काही विनोद केला नव्हता.

१५ ऑक्टोबर

हिचा भाऊ येऊन गेला. तीन वर्षांपूर्वी एकदा, फक्त चार रात्री, जहाजावर झोपून आलाय. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला दर्यावर्दी म्हणतो. खुर्चीत बसतानाही पाय फाकवून बसतो, जणू घर हलतंय.

"भाऊजी, एक सांगतो. बाल्कनी नसेल तर जाऊच नका. पहाटे दार उघडायचं, समोर नुसतं पाणी!"

"तुम्ही किती दिले होते?"

"तेव्हाचे भाव वेगळे होते हो."

म्हणजे चांगलाच फसला. हिला मात्र तो पाण्याचं सांगत बसला आणि ही हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. "मधोमध पोचल्यावर कसं दिसतं रे?" तर म्हणतो, "निळं." निळं! एवढा खर्च करून हा माणूस एवढंच बघून आला.

पण मुद्दा खरा आहे. जहाजाच्या पोटातल्या खोल्यांना खिडकीच नसते. आम्हाला बाल्कनीची, थोरल्याला आतली. तो लगेच हो म्हणाला. बाल्कनीच्या खोलीचा भाव आतलीच्या पावणेदोन पट! एक काचेचं दार आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याचे एवढे.

२१ ऑक्टोबर

बुकिंगवालीकडे गेलो. टेबलावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, वर धूळ. बाईच्या तोंडात दर चौथा शब्द "सर".

"सर, ही ऑफर आजच संपतेय."

"गेल्या मंगळवारी फोनवरही आजच संपत होती."

हसली. यांना लाज वाटायच्या ऐवजी हसायला शिकवतात. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "अठ्ठावीस नोव्हेंबरची फेरी आहे, सर. अ कंपनी. दोन बाल्कन्या शिल्लक आहेत. मॅडमना आवडेल."

मी उठलो. पहिला भाव पदरात पाडून घेणारा माणूस खरेदी खात्यात आठवडाभर टिकत नाही. यांचा धंदा मी पंधरा दिवसांत ओळखला. शेवटचा हप्ता भरायची तारीख उलटली की हौशी लोक माघार घेतात, त्यांच्या खोल्या परत बाजारात येतात, आणि रिकामी खोली घेऊन जहाज सुटलं की त्या खोलीची किंमत शून्य. उतरत्या उन्हातली भाजी! तेव्हा भाव ते सांगत नाहीत, आपण सांगतो. तोवर फक्त थांबायचं. पुष्कळांना तेच जमत नाही.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "मग कधी?"

"फेब्रुवारीत. आपल्याला पुढच्या ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे."

"बरं," म्हणाली, आणि खोक्यातली रिळं लावत बसली.

२९ ऑक्टोबर

क दोन टक्के खाली. हुं.

४ नोव्हेंबर

ब कंपनीनं नवीन पिल्लू सोडलंय. खिडकीची खोली, जवळजवळ आतल्या खोलीच्या भावात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत : "दृश्य अंशतः अडलेलं." फोन लावला. चाळीस मिनिटं सनई ऐकवावी तशी कसली तरी पिपाणी ऐकवली, मग एक मुलगा आला.

"दृश्य कशानं अडलंय?"

"जीवरक्षक होडीनं, सर."

"किती अडलंय?"

"खिडकीपुरतं, सर."

खिडकीपुरतं! मग अंशतः काय? तर वाकून वर बघितलं की थोडं आकाश दिसतं. म्हणजे हिनं सात दिवस एका नारिंगी होडीचं बूड बघायचं, आणि मान दुखेस्तोवर वाकायचं!

हिला सांगितलं तर हसून हसून डोळे पुसले. म्हणाली, "नारिंगी कुठलं पण? गाजराचं की गंजाचं?" त्या मुलाला हे विचारायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

माझ्या राखाडी शर्टाला तपकिरी बटण! सव्वीस वर्षं बटणं विकलेली बाई. दाखवलं तर शर्ट खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "घाईत लावलं." निवृत्त बाईला कसली घाई असते?

२४ नोव्हेंबर

नात शाळेतून इकडेच येते. आजी आणि ती, दोघी रिळांचा खोका घेऊन बसतात. आज नात मला म्हणाली, "आजोबा, आजी मला रोज विचारते, हे कुठलं निळं? मी चुकले तरी रागावतच नाही."

ही कुठली शिकवायची पद्धत? चुकलं तर चुकलं म्हणायला हवं. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी चार बोल्ट हातात द्यायचो आणि खोटा ओळखेपर्यंत जेवायला सोडायचो नाही. हिला सांगितलं. म्हणाली, "शिकतेय हळूहळू. रिळं खोक्यात लावते नावं सांगून." असलं लाडावणं मला पटत नाही.

२८ नोव्हेंबर

आज ती फेरी सुटली. त्या दोन बाल्कन्या कुणीतरी पुऱ्या भावात घेतल्या असणार. काठावर उभे राहून रुमाल हलवत असतील, मूर्ख.

५ डिसेंबर

सूनबाई हिला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. ही मला येऊ देत नाही — म्हणे, "तुम्ही तिथं फीवरून हुज्जत घालता." आल्यावर विचारलं, काय म्हणाले? "तसंच आहे."

बरं. मी पुन्हा तक्ता उघडला. तेवढ्यात सूनबाई हात पुसत समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, पंधरा तारखेची फेरी आहे. ती घेऊ या ना. भाव राहू द्या."

भाव राहू द्या! असं म्हणणाऱ्याच्या हातात पाकीटच देऊ नये. मी म्हटलं, "सूनबाई, प्रवासाचे कपडे शिवून झालेले दिसतात." तिचं तोंड एवढंसं झालं. "आई, तुम्ही तरी सांगा," म्हणाली, आणि आवाज चढला होता. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच चढला.

ही म्हणाली, "त्यांचा तक्ता पुरा होऊ दे गं."

या घरात समज असलेलं माणूस एकच आहे. सूनबाई न जेवता गेली. इतकं मनाला लावून घ्यायला काय झालं होतं?

१४ डिसेंबर

आता थोरला. बायकोनं पढवून पाठवला असणार. "बाबा, फरक मी भरतो. उद्याच निघू." दर महिन्याच्या पंधरा तारखेनंतर ज्याच्या खिशात काही उरत नाही तो फरक भरणार! मी म्हटलं, प्रश्न फरकाचा नाही, हे लोक आपल्याला लुबाडतात त्याचा आहे. त्यानं बुटाची नाडी बांधताना उगीच दोनदा सोडली आणि बांधली.

एक इथं लिहितो. कुणी वाचणार नाही. तक्ता समोर घेतला की मला बरं वाटतं. त्या डॉक्टरांच्या खोलीत पार्टी एकच होती. तिनं एकच आकडा सांगितला, आणि मला घासाघीस करता आली नाही. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी खुर्चीत नुसता बसून राहिलो, टोपी मांडीवर घेऊन. तो अपमान मी अजून विसरलो नाही.

२२ डिसेंबर

अ पाच टक्के. क नऊ. ब गप्प. पिकत आलंय.

३ जानेवारी

हिनं आज सगळा तक्ता माझ्याकडून वाचून घेतला. तेवीसच्या तेवीस ओळी. "तळटीपासुद्धा," म्हणाली. मी वाचत गेलो, मध्ये मध्ये जे काय तोंडाला येईल ते म्हणत गेलो. बक्षिसीच्या ओळीला हिनं माझ्याआधीच म्हटलं, "आपोआप!" अगदी माझ्या आवाजात. माझी बडबड पाठ झालीय हिला.

मग विचारते, "बाल्कनीतून दिसणारं पाणी कुठल्या ओळीत आहे?"

मी म्हटलं, "त्याचा वेगळा भाव लावत नाहीत. नशीब!"

९ जानेवारी

हल्ली भिंतीला हात लावत चालते. गुडघे असणार. फिरायला चल म्हटलं की "उद्या" म्हणते. जहाजावर सोळा जिने आहेत, तिथं काय करणार?

१८ जानेवारी

जिंकलो!

सकाळी साडेदहाला बुकिंगवालीचा फोन. क कंपनी — तिघांतली सगळ्यात माजोरडी! बारा फेब्रुवारीची फेरी. हप्त्याची तारीख उलटली, एक मोठा गट फुटला, आणि खोल्या अंगावर आल्या. बाल्कनीची खोली आतल्या खोलीच्या भावात! मी म्हटलं, बक्षिसी माफ करा. म्हणाली, "सर, ते होत नाही." मी म्हटलं, मग राहू द्या, आणि फोन ठेवला. पंचवीस मिनिटं फोनकडे बघत बसलो. हिनं विचारलंसुद्धा नाही. शेजारी बसून होती फक्त. मग वाजला. "सर, झालं." झालं! सोळा ओळींत क पहिला, आणि भाव ब-चा! नोकरीत असतो तर साहेबानं तक्ता चौकटीत लावला असता.

दर्यावर्दीला मुद्दाम फोन केला. आकडा सांगितला. त्यानं तो दोनदा विचारून घेतला. शेवटी म्हणाला, "कमाल केलीत, भाऊजी." त्याला आज जेवण जाणार नाही.

थोरल्याला सांगितलं. "बरं झालं, बाबा," एवढंच. सूनबाईनं तर फोनच घेतला नाही. कष्ट मी करायचे आणि तोंडं यांनी वाकडी करायची. एका शब्दानं कौतुक करतील तर शपथ.

ही मात्र माझा हात दाबून म्हणाली, "तुमच्यासारखं कुणाला जमलं नसतं."

२० जानेवारी

तिकिटं आली. साध्या काळ्या शाईत छापलेली — एवढ्या मोठ्या कंपनीला रंगीत छापायला हात आखडला! पण वरच्या पानावर आमच्याच खोलीचं चित्र आहे : दार, दोन खुर्च्या, पलीकडे पाणी. हिच्या हातात दिलं. हिनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि म्हणाली, "किती सुंदर निळं आहे ना."

मी म्हटलं, "अगं, हे रंगीत नाहीये."

हिनं कागद मांडीवर ठेवला. त्याच्या कडा सरळ केल्या.

"सगळंच राखेसारखं दिसतं. महिना झाला. आकार कळतात. तुम्ही कळता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा भाव उतरत होता." मग म्हणाली, "सूनबाईला काही बोलू नका. तिला मीच गप्प बसवलं होतं. आणि बाल्कनीची खोली त्यांना द्या. नात एकोणीसपैकी सोळा ओळखते आता. ती बघून सांगेल मला, कुठलं ते."

डॉक्टरांचं ते "नक्की सांगता येत नाही" कलम मुंगीच्या अक्षरात नव्हतं. तोंडावर सांगितलं होतं.

नोव्हेंबरच्या फेरीत दोन बाल्कन्या शिल्लक होत्या.